लेक नर्सिंगला आहे, मग फ्लूची लस कोणासाठी?



गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचं पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा: "बाजी, माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या खानदानात दवाखान्यात शिकायला गेलेली ही पहिलीच मुलगी. कॉलेजने नोटीस लावली आहे की पावसाळ्याआधी सगळ्या विद्यार्थिनींनी फ्लूची लस घ्यावी. मुलगी वीस वर्षांची आहे, अल्हमदुलिल्लाह ठणठणीत आहे. तिला फ्लू झालाच तर चार दिवसांत बरा होईल. मग दीड-दोन हजार रुपये का घालवायचे? शेजारची म्हणते, लशीनेच ताप येतो. तिचे मामा म्हणतात, त्यात हराम चीज असते. सासूबाई म्हणतात, अल्लाहवर भरोसा ठेवा. मी काय करू?"

या पत्राला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण आज मालेगाव, औरंगाबाद, सोलापूर, भिवंडी, महाड, कुठेही जा, आपल्या घरांतल्या मुली नर्सिंग, डी.फार्म., बी.यू.एम.एस., लॅब टेक्निशियनच्या अभ्यासाला जाताना दिसतात. मुलगे वॉर्डात, एक्स-रेच्या खोलीत, अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करतात. म्हणजे हा सवाल एका आईचा राहिलेला नाही. म्हणून या महिन्याचं सगळं सदर याच विषयाला देते.

आधी माझी एक चूक

मी स्वतः तीस वर्षं नर्सची नोकरी केली. उपदेश करण्याआधी माझ्या हातून काय झालं ते सांगितलं पाहिजे.

२०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी महाराष्ट्रात स्वाइन फ्लूने पुन्हा डोकं वर काढलं होतं. आमच्या रुग्णालयात मे महिन्यात लस आली होती. कागदावर सही करायची आणि दंड पुढे करायचा, एवढंच काम. मी टाळाटाळ केली. आज नाइट आहे, उद्या घेते. उद्या घरी पाहुणे आहेत, परवा घेते. मनात खरं कारण वेगळंच होतं. इतकी वर्षं वॉर्डात काढली, मला काय होतंय?

ऑगस्टमध्ये एके दिवशी सकाळी घसा खवखवत होता, अंग थोडं मोडून आलं होतं. दोन पॅरासिटामॉल घेतल्या आणि ड्युटीवर गेले. आमच्याकडे तापात ड्युटी करणं ही मर्दुमकी समजली जायची. घरी थांबली तर बाकीच्या म्हणणार, कामचुकार आहे. ड्युटी संपल्यावर परस्पर फुफीकडे गेले. फुफीला दमा होता. वय सत्तरीच्या पुढचं. मला बघून त्यांना नेहमीसारखा आनंद झाला, जवळ बसवून घेतलं, त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "बेटी, अंग गरम लागतंय तुझं." मी हसून सोडून दिलं.

चौथ्या दिवशी फुफींना ताप आला. सहाव्या दिवशी श्वास घेता येईना. अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. अल्लाहचा फजल, घरी परत आल्या. पण त्यानंतर जिना चढून वरच्या खोलीत त्या कधी गेल्या नाहीत. नमाज खुर्चीवर बसून पढू लागल्या. दोन वर्षांनी त्या गेल्या.

फुफींना माझ्याकडूनच लागण झाली का, हे कोणीही सांगू शकत नाही. मोहल्ल्यात त्या वेळी दहा घरांत ताप होता. माझी तपासणीही झाली नव्हती. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण मी लस घेतली असती आणि त्या दिवशी घरी थांबले असते, तर आज मनाला ही टोचणी लागली नसती. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहिले.

साधी सर्दी आणि फ्लू

आपल्याकडे नाक गळलं की लोक म्हणतात, "फ्लू झालाय." ती बहुतेक वेळा साधी सर्दी असते. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा हा वेगळा आजार आहे. एकाएकी जोराचा ताप, थंडी, अंगदुखी, कोरडा खोकला, गळून गेल्यासारखं वाटणं. तरुण, निरोगी माणूस बहुधा आठवड्यात उठतो. पण म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान बाळं, दमा, मधुमेह, हृदयाचा, किडनीचा आजार असलेले लोक यांना याच फ्लूने न्यूमोनिया होऊ शकतो आणि जीव धोक्यात येतो.

२००९ साल पुणेकरांना आठवत असेल. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा तो देशातला पहिला बळी. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले, शाळा बंद झाल्या. त्या वेळी लस नव्हती. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने परदेशातून पंधरा लाख डोस मागवले आणि ते सर्वांत आधी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ठेवले. आमच्याकडेही डोस आले. वर्षभरापूर्वी मास्कसाठी भांडणारे कित्येक जण आता लस घ्यायला मात्र पुढे येईनात. भीती ओसरली की माणूस विसरतो.

२००९ चा तो विषाणू गेलेला नाही. तो आता दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूचाच एक भाग झाला आहे आणि आजच्या लशीत त्याच्यापासून बचाव करणारा घटक असतो.

ठणठणीत मुलीला लस कशाला?

पत्रातला हा मुख्य सवाल. याचं उत्तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातून देते. १९९३-९४ च्या हिवाळ्यात तिथल्या रुग्णालयांतल्या ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त हंगामाच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. त्यातल्या १२० जणांना फ्लूची लागण होऊन गेल्याचं रक्तात दिसलं. म्हणजे जवळपास चारातल्या एकाला. पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. या १२० पैकी निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याला फ्लू झाला होता हे आठवतच नव्हतं. काहींना तर साधा खोकलाही आठवत नव्हता.

आता विचार करा. ही माणसं त्या दिवसांत काय करत होती? रुग्णांना औषध देत होती, म्हाताऱ्यांना उठवून बसवत होती, बाळांचं वजन घेत होती. फ्लूचा माणूस ताप येण्याच्या एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवू शकतो आणि पुढे पाच-सात दिवस पसरवत राहतो. म्हणजे "आजारी पडले तर घरी थांबेन" एवढंच म्हणून भागत नाही. आजारी आहोत हे कळायच्या आधीच एक दिवस निघून गेलेला असतो.

तुमची मुलगी वीस वर्षांची आहे, तिला चार दिवसांत बरं वाटेल, हे अगदी खरं. पण सकाळी आठ वाजता ती ज्या खाटेशी उभी राहते, त्या खाटेवरची बाई वीस वर्षांची नसते. तिला डायलिसिस चालू असतं, नाहीतर तिचं परवाच सिझेरियन झालेलं असतं. आणि शनिवारी एस.टी. पकडून मुलगी घरी येते, तेव्हा दारात दादी उभी असते, भाभीच्या पोटात सात महिन्यांचं बाळ असतं. दवाखाना आणि घर यांच्यामध्ये ये-जा करणारी तीच एक आहे. वॉर्डातला ताप घरी येऊ शकतो, घरचा ताप वॉर्डात जाऊ शकतो. लस तिच्या दंडात टोचली जाते, पण ती दोन्हीकडच्या माणसांसाठीही आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही रुग्णालयात काम करणारे डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचारी यांनी ही लस घ्यावी, असं सांगितलं आहे. गरोदर स्त्रियांनाही, कितवाही महिना असला तरी, ती घेण्याची शिफारस आहे. विद्यार्थिनी पगारी कर्मचारी नसते, म्हणून कित्येकदा ती या यादीतून सुटते. विषाणू मात्र पगाराची स्लिप बघत नाही. उलट शिकणाऱ्या मुलींची पोस्टिंग दर काही आठवड्यांनी बदलते. आज मेडिकल वॉर्ड, उद्या बाळंतपणाचा, परवा लहान मुलांचा. शिवाय वसतिगृहात एका खोलीत चौघी झोपतात. एकीला लागण झाली की खोली आजारी पडते.

तीच गोष्ट वॉर्डातल्या मावशींची, वॉर्डबॉयची, सफाई कामगारांची, केसपेपर काढणाऱ्याची, आशा ताईंची. डॉक्टर रुग्णाजवळ पाच मिनिटं थांबतो, चादर बदलणाऱ्या मावशी वीस मिनिटं थांबतात. लशीच्या यादीत मात्र त्यांचं नाव शेवटी येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लस किती काम करते? खरं सांगायचं तर...

मी तुम्हाला फसवणार नाही. फ्लूची लस ही गोवर किंवा पोलिओच्या लशीइतकी पक्की नाही. ज्या वर्षी लशीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू चांगले जुळतात, त्या वर्षी ती साधारण चाळीस ते साठ टक्के संरक्षण देते. न जुळल्यास कमी. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण झाला तरी तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते.

कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याने रुग्ण वाचतात का, यावरही अभ्यास झाले आहेत. १९९६-९७ साली ग्लासगो आणि आसपासच्या, वृद्धांना दीर्घकाळ ठेवणाऱ्या वीस रुग्णालयांत एक प्रयोग झाला. काही रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना लस देऊ केली, काहींत नाही. जिथे देऊ केली तिथे जेमतेम निम्म्या लोकांनीच ती घेतली. तरीही त्या हिवाळ्यात तिथल्या वृद्धांतले १३.६ टक्के दगावले आणि दुसरीकडे २२.४ टक्के. आकडे मोठे बोलके वाटतात. पण नंतर शास्त्रज्ञांनी त्यावर शंकाही काढल्या. दोन्हीकडचे वृद्ध अगदी सारखे नव्हते, आणि हा सगळा फरक फ्लूमुळेच पडला, हे सिद्ध करता आलं नाही. म्हणून "लस घ्या, एकही पेशंट मरणार नाही" असं मी म्हणणार नाही. लस हा एक उंबरठा आहे. हात धुणं हा दुसरा, मास्क हा तिसरा, तापात घरी थांबणं हा चौथा. एकेक उंबरठा ओलांडताना विषाणू अडखळतो. एकच ठेवून बाकीचे काढून टाकले तर घर उघडं पडतं.

दरवर्षी का घ्यायची?

दोन कारणं आहेत. एक म्हणजे लशीने आलेली ताकद काही महिन्यांत उतरत जाते. दुसरं म्हणजे फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो. जगभरातल्या प्रयोगशाळा रुग्णांचे नमुने तपासत असतात. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यांपैकीच एक. त्यावरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लशीत कोणते विषाणू असावेत ते ठरवते. २००९ नंतर बरीच वर्षं लशीत कॅलिफोर्नियाच्या नावाचा विषाणू होता. २०१७ साली त्याच्या जागी मिशिगनचा आला. बी प्रकारातली यामागाता नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे फिरताना आढळली नाही, म्हणून २०२३ मध्ये संघटनेने ती लशीतून काढायला सांगितलं. त्यामुळे चार विषाणूंच्या जागी आता पुन्हा तीन विषाणूंची लस येऊ लागली आहे. दुकानदाराने तीनची दिली म्हणून कमी प्रतीची दिली, असं समजू नका.

लस घेतल्यावर शरीराला तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि पुढे जानेवारी ते मार्चमध्येही तो डोकावतो. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे हा लशीचा चांगला काळ. जूनमध्ये घेतली तरी चालेल, राहिली म्हणून सोडून देऊ नका. मुलगी श्रीनगरसारख्या ठिकाणी शिकायला असेल तर हिशेब बदलतो. तिथे फ्लूचा जोर थंडीत असतो, म्हणून लस ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यायची.

शेजारणीचा आणि मामांचा सवाल

"लशीनेच ताप येतो." इंजेक्शनच्या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. त्यांनी फ्लू होऊच शकत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी अंगात कणकण येते. ती शरीर तयारी करत असल्याची खूण आहे. कधी कधी माणसाला आधीच दुसऱ्या कुठल्या तरी विषाणूची लागण झालेली असते, दुसऱ्या दिवशी ताप येतो आणि आळ लशीवर जातो. लस फक्त फ्लूपासून वाचवते, हेही लक्षात ठेवा. साधी सर्दी, डेंग्यू, कोविड यांच्याशी तिचा संबंध नाही. लस घेतली म्हणून पावसाळ्यातला ताप अंगावर काढू नका, तपासणी करा.

"त्यात हराम चीज असते." या शंकेची मला चीड येत नाही. आपण काय खातो, अंगात काय घेतो, हे विचारणं चांगलंच आहे. फ्लूची बहुतेक इंजेक्शनं कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून बनवतात. डुकरापासूनच्या जिलेटिनचा प्रश्न मुख्यतः नाकात फवारायच्या लशीबद्दल उठला. ब्रिटनमधल्या शाळांत मुलांना जी नाकातली लस देतात, तिच्यात ते जिलेटिन आहे. तिथल्या मुस्लिम पालकांनी प्रश्न विचारले आणि ज्यांना ती नको त्यांना जिलेटिन नसलेलं इंजेक्शन देण्याची सोय झाली. जिलेटिनवर उलेमांमध्ये दोन मतं आहेत. १९९५ साली कुवेतमध्ये आलिम आणि डॉक्टर एकत्र बसले होते. मूळ पदार्थाचं रूप पूर्ण बदललं असेल तर औषधात त्याला हरकत नाही, असं मत तिथे मांडलं गेलं. सगळे आलिम ते मानत नाहीत. आपल्याकडे नर्सिंगच्या मुलींना दंडात दिली जाते ती इंजेक्शनची लस, आणि नेहमीच्या इंजेक्शनांत जिलेटिन नसतं. तरीही मनात किंतु असेल तर पाकिटातला घटकांचा कागद मागून घ्या, फार्मासिस्टकडून वाचून घ्या आणि तो घेऊन आपल्या मौलानांकडे जा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या संदेशावर फैसला करू नका.

आणखी एक. हजला जाणाऱ्या आपल्या बुजुर्गांना मेनिंजायटिसच्या लशीबरोबर फ्लूची लसही देतात, ६५ वर्षांवरच्यांना खास करून. ज्या मामांना शंका आहे, त्यांच्याच घरातून कोणी हजला जाऊन आलं असेल तर त्यांचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा.

सासूबाईंचा सवाल

"अल्लाहवर भरोसा ठेवा." सासूबाईंचं म्हणणं चूक नाही. फक्त ते अर्धं आहे. उंट मोकळा सोडून भरोसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला हुजूर (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितलं आणि मग भरोसा ठेवायला. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असलेल्याने पळून बाहेर येऊ नये, ही तालीमही आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. यात आपल्यामुळे दुसऱ्याला बाधा होऊ नये हाच विचार आहे. वॉर्डातला पेशंट परका असतो, कोणत्याही जातीधर्माचा असतो. त्याने आपला जीव आपल्या लेकीच्या हाती सोपवलेला असतो. ती अमानत आहे. अमानतीत खयानत फक्त पैशाचीच होते असं नाही.

पैशाचं काय?

खासगी दवाखान्यात या लशीला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. सामान्य घराला ही रक्कम लहान नाही, आणि वसतिगृहाची फी भरून थकलेल्या बापाला तर नाहीच. म्हणून आधी कॉलेजला विचारा. मुली ज्या रुग्णालयात काम शिकतात, त्या रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी लस आणली असेल तर विद्यार्थिनींनाही त्यात धरा, असा अर्ज पालकांनी मिळून करावा. एकट्याने गेलात तर टोलवतील, तीस पालक गेले तर ऐकतील. एकगठ्ठा मागवल्यास लस स्वस्तही पडते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये गरोदर स्त्रिया आणि जोखमीचे रुग्ण यांच्यासाठी सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा घरातली भाभी गरोदर असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात साठा आहे का, ते जरूर विचारा.

संस्था चालवणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आपल्या समाजाची रुग्णालयं आहेत, युनानी महाविद्यालयं आहेत, नर्सिंगच्या शाळा आहेत. नुसती नोटीस लावून जबाबदारी संपत नाही. लस मोफत द्या, ड्युटीच्या वेळेतच द्या, वॉर्डात जाऊन द्या, रात्रपाळीच्या लोकांना विसरू नका. आणि ताप असलेल्या मुलीला हजेरीची भीती घालून वॉर्डात उभी करू नका. कंत्राटी मावशीचा एक दिवसाचा पगार कापला जाणार असेल, तर ती तापातही येणारच. तिला दोष देण्याआधी तिची रजा भरपगारी करा.

लस घेताना एवढं सांभाळा

• आधी कधी फ्लूच्या लशीने धाप लागणं, चेहरा सुजणं असा गंभीर त्रास झाला असेल, किंवा लशीनंतर दीड महिन्यात हातपाय लुळे पडण्याचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

• अंगात जास्त ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. साध्या सर्दीसाठी थांबण्याची गरज नाही.

• ही लस फ्रीजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. मेडिकलमधून घेऊन पर्समध्ये टाकून उन्हातून फिरू नका. जिथे ठेवली आहे तिथेच टोचून घ्यावी हे उत्तम.

• पाकिटावरची मुदत आणि हंगामाचं वर्ष वाचा. मागच्या हंगामाची उरलेली लस घेऊ नका.

• टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. कार्डावर तारीख लिहून घ्या.

शेवटी, त्या आईला

भगिनी, तुमच्या खानदानातली पहिली मुलगी दवाखान्यात शिकते आहे, याचा तुम्हाला किती अभिमान आहे ते पत्राच्या अक्षराअक्षरात दिसतं. तिला लस घ्यायला सांगा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला सांगा की अंगात ताप असेल त्या शनिवारी घरी येऊ नकोस. दादीसाठी जीव तुटेल, इकडे तुम्हीही तिच्या आवडीचं काही करून वाट बघत असाल. तरी फोनवरच बोला. आठ दिवसांनी ती येईल तेव्हा दादी दारात उभी असेल, इन्शाअल्लाह.

माझ्या फुफींना कपाळाला हात लावून जे कळलं होतं, ते मला तीस वर्षांच्या नोकरीनंतरही कळलं नाही. तुमच्या मुलीला ते दुसऱ्या वर्षातच कळू दे.

पुढच्या महिन्यात मधुमेह असलेल्यांच्या पायांची निगा या विषयावर बोलू. तुमचे सवाल पत्राने पाठवत राहा. दुआंमध्ये आठवण असू द्या.

खुदा हाफिज.